जहाजावर कोणाला कोणती जागा?

निगडी, आकुर्डी, कासारवाडी, चिखली या भागांतल्या आपल्या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा विषय निघू लागला आहे. वडील कंपनीतून रिटायर झाले, ग्रॅच्युइटी हाती आली, चाकणच्या प्लँटमध्ये लागलेल्या मुलाचेही बरे चालले आहे. मग ‘अब्बा-अम्मीला एकदा जहाजाने फिरवून आणू’ असे ठरते. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या सफरी २०२१ मध्ये सुरू झाल्या. ज्यांचे नातेवाईक दुबई-शारजात आहेत, ते हिवाळ्यात तिथून सुटणाऱ्या लांबच्या सफरींची चौकशी करतात.

बुकिंग करायला बसले की पहिलाच प्रश्न येतो, केबिन कोणती हवी? आतली, खिडकीची, बाल्कनीची की सूट? मुले म्हणतात बाल्कनी. अम्मी म्हणतात, सगळ्यात स्वस्त असेल ती घ्या. अब्बा म्हणतात, तुम्ही ठरवा. मग फोटो पाहून ठरवले जाते. ज्यांच्यासाठी सफर काढली त्यांच्या गुडघ्यांना, झोपेला आणि नमाजाला काय सोसेल, याची चर्चा मात्र होत नाही. या लेखात तीच करायची आहे.

हाजींच्या जहाजावर

जहाजावर जागा निवडण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. विमानाचा हज सर्वांच्या आवाक्यात येण्यापूर्वी महाराष्ट्रातले हाजी मुंबईहून आगबोटीनेच जिद्द्याला जात. १८७७ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन या नावाने घराघरांत माहीत झाली. रिझवानी, इस्लामी, मोहम्मदी, मुजफ्फरी, अकबर ही तिच्या जहाजांची नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. १९८६ मध्ये ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली आणि १९९५ पासून समुद्रमार्गे हज बंद झाला. २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू करण्याविषयी भारत आणि सौदी सरकारांमध्ये बोलणी झाली होती, पण जहाज सुटले नाही.

मुंबई ते जिद्दा हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. आगबोटीला ते कापायला आठवड्याहून जास्त काळ लागे. १८८२ पासून लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचे ठाणे होते. तिथे हाजींना उतरवून तपासणी होई, तेव्हा प्रवास आणखी लांबे. इतके दिवस काढायचे म्हटल्यावर जहाजावरची जागा ही चैनीची बाब राहत नाही.

तिकिटांचे वर्ग होते. पहिल्या वर्गाला दारे असलेल्या केबिन. डेक क्लासला स्वतःची खोली नाही. जहाजाच्या पोटातल्या मोठ्या मोकळ्या मजल्यावर वळकटी पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि जिद्दा येईपर्यंत तेवढ्या पट्ट्यात संसार करायचा. पुढच्या काळात बंक आले, म्हणजे एकावर एक झोपायच्या फळ्या. डेकवर इतकी माणसे कोंबली जात की प्रत्येकाला किती जागा मिळावी यासाठी सरकारला कायदे करावे लागले. १८८७ चा प्रवासी जहाजांचा कायदा आणि १८९५ चा खास हाजींच्या जहाजांचा कायदा हे त्यातले प्रमुख.

त्यातच हज चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून काही वर्षे हाजींचे जहाज ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात असे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नैऋत्येचा वारा समुद्र खवळून ठेवतो. बोट लागण्यापासून कुठल्याच वर्गाची सुटका नव्हती. किंबहुना उंचावरच्या केबिनला हेलकावा जास्तच बसतो. असे का होते, ते समजून घेतले की केबिन निवडण्याचे निम्मे काम होते.

जहाज हलते कसे

माळशेज घाटातून एसटीने गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की चाकामागच्या शेवटच्या सीटवर जो आपटतो, तो मधल्या सीटवरच्यापेक्षा जास्त हैराण होतो. जहाजाचेही तसेच आहे. लाटेवर चढताना जहाजाचे पुढचे टोक वर जाते आणि मागचे खाली, मग उलट. बागेतल्या सी-सॉसारखे. टोकावर बसलेले मूल वर-खाली जाते, पण मध्यावरची फळी जवळजवळ जागेवरच राहते.

दुसरी हालचाल डावी-उजवीकडे झुलण्याची. इथे उंचीने फरक पडतो. झाडाच्या शेंड्यावरची फांदी वाऱ्याने जितकी हलते तितके खोड हलत नाही. दहाव्या मजल्यावरच्या केबिनला जो झोका बसतो, तो तिसऱ्या मजल्यावर कितीतरी कमी असतो.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की नियम सोपा होतो. ज्याला गाडी किंवा बोट लागते त्याच्यासाठी जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन उत्तम. जाहिरातीत सगळ्यात आधी दाखवली जाते ती वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, मोठ्या काचेची खोली. ती महाग असते आणि जास्तीत जास्त हलतेही तीच. मागच्या टोकाला इंजिन आणि पंख्याची थरथर रात्रभर जाणवू शकते. पुढच्या टोकाला पहाटे बंदरात नांगर टाकण्याचा खडखडाट ऐकू येतो.

चार प्रकारच्या केबिन

आतली केबिन जहाजाच्या पोटात असते आणि तिला खिडकी नसते. ती सर्वांत स्वस्त असते. दिवा बंद केला की दिवस-रात्र कळत नाही. तरुण माणसाला त्यात गाढ झोप लागते, पण वय झालेल्या माणसाला मध्यरात्री जाग आली की घाबरल्यासारखे होते. फजर झाली की नाही हे घड्याळाशिवाय समजत नाही. मात्र मध्यावरची आतली केबिन हलते कमी, हा तिचा मोठा गुण.

खिडकीच्या केबिनची खिडकी बहुधा बंदच असते, उघडत नाही. पण प्रकाश येतो आणि क्षितिज दिसते. बोट लागू लागली की दूरच्या स्थिर रेषेकडे पाहिल्याने डोळे आणि कान यांचा मेळ बसतो व मळमळ कमी होते. या केबिन सहसा खालच्या मजल्यांवर असतात, म्हणजे हेलकावाही कमी. ‘अडलेला देखावा’ असे लिहिलेली खिडकी मात्र विचारून घ्यावी. कधी तिच्यासमोर जीवरक्षक बोट टांगलेली असते.

बाल्कनीच्या केबिनला मोकळी हवा आहे, समुद्र आहे. पण ती वरच्या मजल्यावर असते आणि घरात लहान मुले असतील तर डोळ्यात तेल घालून बसावे लागते. दार उघडे राहिले आणि मूल खुर्चीवर चढले, एवढ्याने अनर्थ होऊ शकतो. सूट म्हणजे मोठी खोली आणि बैठक. चार दिवसांच्या सफरीत आपण खोलीत किती तास असणार, हा हिशेब करूनच तिचा विचार करावा.

डावी बाजू घ्यावी की उजवी, यावरूनही जुनी चर्चा आहे. इंग्रजांच्या काळात विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची केबिन सावलीची, म्हणून महाग असे. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ हा शब्द झाला, असे सांगतात. तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, म्हणून अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. आता वातानुकूलनामुळे उन्हाचा प्रश्न उरलेला नाही. मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे असतो आणि मावळतीचा सूर्य उजवीकडे. परतताना उलट. आवडीप्रमाणे घ्यावे.

वर काय आहे, खाली काय आहे

प्रत्येक जहाजाचा मजलावार नकाशा मिळतो. त्याला डेक प्लॅन म्हणतात. मुलांना भूगोलात नकाशा वाचायला शिकवतो, तसा तो घरातल्या दोघा-तिघांनी मिळून वाचावा. आपली केबिन शोधून तिच्या बरोब्बर वरचा आणि खालचा मजला पाहावा. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारला भांडी सरकतात. वर पोहण्याचा तलाव असेल तर सकाळी खुर्च्या ओढल्या जातात. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत भिंती घुमतात. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांतता मिळते.

सफरीच्या जहाजांवर बार असतो, बहुतेकांवर कॅसिनोही. आपल्या घरातली माणसे ते टाळणारच, पण केबिन त्याच मजल्यावर असली की दिवसातून दहा वेळा मुला-बाळांना घेऊन तिथूनच जावे लागते. नकाशात ही ठिकाणे आधीच खूण करून ठेवावीत आणि जेवणघरापर्यंतचा रस्ता वेगळा आहे का ते पाहावे. हलाल जेवणाची चौकशीही बुकिंगच्या वेळीच लेखी करावी.

काही तिकिटांवर खोलीचा नंबर नसतो, फक्त प्रकार असतो आणि केबिन कंपनी ठरवते. असे तिकीट थोडे स्वस्त पडते. तरुण जोडप्याने ते खुशाल घ्यावे. वृद्धांसाठी घेऊ नये, कारण लिफ्टपासून दूर, अगदी टोकाची केबिनही मिळू शकते.

नमाज, वजू आणि पडदा

केबिन लहान असते. दोन पलंगांमध्ये जानमाज पसरायला जागा आहे का, हे फोटोवरून कळत नाही. जानमाज साधारण दोन फूट रुंद आणि चार फूट लांब धरावी आणि केबिनच्या मोजमापाशी ताडून पाहावी. बहुतेक केबिनची लांबी दारापासून जहाजाच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत असते. आपल्या किनाऱ्यावर ही रचना सोयीची ठरते. किब्ला इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. जहाज मुंबईहून दक्षिणेला चालले असेल तर किब्ला उजव्या हाताला येतो, परतताना डाव्या हाताला. म्हणजे जानमाज केबिनच्या लांबीत, थोडी तिरकी पसरली की बसते. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मात्र केबिनमध्ये भिस्त ठेवू नये. चहूबाजूंनी लोखंड असल्याने त्याचा काटा चुकू शकतो. जहाज कोणत्या दिशेला चालले आहे हे केबिनमधल्या टीव्हीवरच्या नकाशात दिसत असेल तर पाहावे किंवा कर्मचाऱ्यांना विचारावे.

चालत्या जहाजावर उभे राहून नमाज पढता येत असेल तर उभे राहूनच पढावी, चक्कर येऊन पडण्याची भीती असेल तर बसून पढण्याची मुभा आहे. जहाज वळले तर काय करावे, कस्र कधी करावी, हे मसाइल निघण्यापूर्वी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावेत. घरातल्या बायकांनीही विचारून घ्यावेत, कारण जहाजावर त्यांना वेळेवर सांगणारे कोणी असेलच असे नाही.

वजूचा प्रश्न मोठा आहे. केबिनमधले बाथरूम एका कपाटाएवढे असते. बेसिनमध्ये पाय वर करून धुणे साठीच्या माणसाला धोक्याचे, त्यात जहाज हलत असते. प्लास्टिकचा मग सोबत घ्यावा. शॉवरच्या जागेत पाय धुवावेत आणि फरशी लगेच पुसावी. चामड्याचे मोजे वापरणाऱ्या मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री मसह करण्याची सवलत आहे, तिचा वृद्धांनी जरूर लाभ घ्यावा. जहाजाच्या बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरठा असतो. गुडघेदुखीच्या माणसाला रात्री तोच नडतो. चाकाच्या खुर्चीसाठी बनवलेल्या थोड्या केबिन प्रत्येक जहाजावर असतात. त्यांना उंबरठा नसतो आणि हाताला दांड्या असतात. त्या लवकर संपतात, म्हणून आधी विचारावे.

पडद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी पाहाव्यात. शेजारच्या केबिनला जोडणारे मधले दार असेल तर ते आपल्याच नातेवाइकांच्या केबिनचे असावे. परक्यांच्या केबिनचे असेल तर आवाज आरपार येतो. आणि बाल्कनी असली तरी ती शेजारच्या किंवा वरच्या बाल्कनीतून दिसते का, हे नकाशात कळते.

सहा माणसांचे एक घर

आता सगळे एकत्र करून पाहू. समजा एका घरातून सहा जण निघाले आहेत. तेहतीस वर्षे शिफ्ट केलेले अब्बा, त्यांना साखर आहे. अम्मी, गुडघे दुखतात. मुलगा, सून आणि दोन मुले. पैसे दोन केबिनचे आहेत, एक चांगली आणि एक साधी.

बहुतेक घरांत सून आणि मुले असलेल्या चौघांना बाल्कनी दिली जाते, ‘मुलांना मजा येईल’ म्हणून. अब्बा-अम्मींना आतली, ‘ते तर झोपायलाच जाणार’ म्हणून. अब्बा-अम्मी मान डोलावतात, कारण आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वाटणीला चांगला तुकडा दिला आहे. हिशेब मात्र उलटा लागतो. मुले दिवसभर डेकवर खेळणार आणि रात्री पाठ टेकताच झोपणार. केबिनमध्ये सर्वांत जास्त तास काढणार आहेत ते अब्बा-अम्मी. दुपारी आडवे व्हायला, गोळ्या घ्यायला, पाच वेळा वजूला ते तिथेच येणार. म्हणून खिडकीची केबिन त्यांची. मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, लिफ्टपासून चार पावलांवर, दोन्ही पलंग खालचे. मुलाचे कुटुंब समोरच्याच आतल्या केबिनमध्ये, जिथे वरचे बंक मुलांना शिडी चढायला आयतेच मिळतात. बाल्कनी कोणालाच नको. समुद्र पाहायला अख्खा डेक मोकळा आहे आणि त्याचे पैसे तिकिटात भरलेलेच आहेत.

एकच ध्यानात ठेवावे. जहाजावर जागा ठरवताना घरातल्या सर्वांत अशक्त माणसापासून सुरुवात करावी. त्याची सोय झाली की उरलेल्यांची आपोआप होते.

हाजींच्या जहाजावर हे वेगळ्या रीतीने दिसत असे. लाल समुद्रात शिरल्यावर यलमलमची मीकात समोर आली की तशी सूचना होई आणि सगळे एहराम बांधत. पहिल्या वर्गातला व्यापारी आणि डेकवर वळकटी पसरलेला शेतकरी, दोघेही न शिवलेल्या त्याच दोन पांढऱ्या चादरींत. तिथून पुढे कोणाची केबिन कोणती, हे पाहून कळत नसे. पण त्या क्षणापर्यंत म्हाताऱ्या माणसाला वाऱ्याची जागा देणे, आजाऱ्याला जिन्याजवळ झोपू देणे, शेजाऱ्याच्या पाण्याची काळजी घेणे, हे प्रत्येकाच्या हातात होते. वर्ग तिकिटाने मिळत होता आणि माणुसकी माणसाने दाखवायची होती.

पैशाची बाजू

जाहिरातीतला दर बहुधा एका माणसाचा असतो आणि तोही दोघे एका केबिनमध्ये राहणार असे धरून. बंदराचे शुल्क, कर आणि सेवेची रक्कम वर लागते. एकट्या प्रवाशाला जास्त भरावे लागते, तिसऱ्या-चौथ्याला कमी. सहाही जणांची अखेरची बेरीज मागून घ्यावी आणि दोन केबिनची तुलना त्या बेरजेवर करावी. पावसाळ्याच्या आगेमागे मिळणारी मोठी सवलत वृद्धांना घेऊन जाणाऱ्याने सोडून द्यावी. बोट लागण्याच्या गोळ्या साखर-रक्तदाबाच्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच सोबत घ्याव्यात. त्यांनी सुस्ती येते.

केबिन एक पायरी वर नेण्यासाठी हप्त्यांवर पैसे उचलू नयेत. चार रात्रींच्या खिडकीसाठी व्याज अंगावर घेण्यात शहाणपण नाही, आणि दीनही ते मान्य करत नाही. ज्यांच्यावर हज फर्ज झाला आहे आणि अजून झालेला नाही, त्यांनी ग्रॅच्युइटीची रक्कम आधी तिथे लावावी. अब्बांना समुद्र दाखवण्याची हौस नंतरही भागेल. गुडघे मात्र दरवर्षी थोडे थोडे जवाब देतात, आणि सफा-मरवा चालण्यासाठी त्यांचीच गरज असते.

हे सगळे जमले आणि सफर ठरलीच, तर पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. केबिनचा नंबर आत्ता मिळेल का? ती जहाजाच्या मध्यावर आहे का आणि कितव्या मजल्यावर? लिफ्ट किती दूर? दोन्ही पलंग खालचे आहेत का? बाथरूमला उंबरठा आहे का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि निर्णय सांगण्यापूर्वी अब्बा-अम्मींना डेक प्लॅन दाखवून त्यांच्या तोंडून ऐकावे. ‘तुम्ही ठरवा’ म्हणाले तरी पुन्हा विचारावे.

जहाजात पाऊल टाकताना पढायची हजरत नूह अलैहिस्सलाम यांची दुआ सूरह हूदच्या ४१ व्या आयतीत आहे. ती मुलांकडून निघण्यापूर्वीच पाठ करून घ्यावी.